पाहुण्याच्या गळ्यात शिट्टी

डोरीनने बिडाच्या तव्यातून काढलेला मक्याचा पाव फडक्यात गुंडाळून लायल ब्रिंकमनच्या हातात दिला. "आज माझ्या भावासमोर जरा मोकळं बोल," ती म्हणाली. "आमच्याकडे घुम्या माणसाला चोर समजतात."

पाव गरम होता, पण लायलचे हात थंडगार पडले होते.

लायल पियानो सुरात लावायचं काम करायचा. साठीकडे झुकलेला, एकटा. दोन जिल्हे पलीकडच्या एका चर्चमध्ये डोरीन भेटली, तीही एकटीच होती. सूर जुळले, लग्नाचं ठरलं, आणि मग ती सहज म्हणाली की तिचं माहेर टर्नबुल. तेव्हापासून लायलला धड झोप नव्हती.

टर्नबुल कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला पाणमांजरं म्हणतात. हा संघ आयुष्यात एकदाच देशपातळीवरच्या स्पर्धेच्या दारात पोचला होता. शेवटचे काही क्षण उरलेले, पाणमांजरं एका गुणाने पुढे, आणि चेंडू बास्केटखालून रेषेबाहेर गेला. शेवटचा स्पर्श पाणमांजरांचा, असं ठरवून पंचाने शिट्टी मारली आणि चेंडू केल्सो कॉलेजला दिला. केल्सोने बास्केट केली. खेळ खलास. तो पंच म्हणजे लायल.

त्या दिवशी लोकांनी त्याच्या गाडीचे टायर फाडले. घामट टॉवेलांच्या ढिगाखाली पडून, लाँड्रीच्या गाडीतून तो गावाबाहेर निसटला. पुढे मिशी काढली, पंचगिरी सोडली. पेपरवाल्यांच्या गाढवपणामुळे तो वाचला. त्यांनी तिघा पंचांतल्या भलत्याचंच नाव छापलं. गाव तेव्हापासून हॅलव्हरसन नावाच्या एका निष्पाप माणसाला शिव्या घालत होतं, आणि लायल त्या हॅलव्हरसनला दर नाताळात निनावी फळांची टोपली पाठवत होता.

डोरीनला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने एवढंच सांगून ठेवलं होतं: "रॉस्को आणि मी दोघंच भावंडं उरलोय. त्याला जो माणूस चालणार नाही, त्याच्याशी मी लग्न करणार नाही."

मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टर्नबुलचे लोक चर्चच्या तळघरात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा, खायला जमतात आणि संघाच्या इतिहासातला सगळ्यात खालचा तळ कोणता, यावर भांडतात. एकदा तळ ठरला की यंदाचा संघ त्याच्या खाली जात नाही, अशी त्यांची श्रद्धा. संघ दरवर्षी जातो. श्रद्धा तिथेच आहे. जिंकता येत नाही म्हटल्यावर माणसं आपल्या पराभवालाच देव्हाऱ्यात बसवतात आणि वर त्याची आरती करतात.

या आरतीचा पुजारी रॉस्को हफ, डोरीनचा थोरला भाऊ. हरलेल्या त्या सामन्यात बास्केटखाली चेंडूसाठी उडी मारणारा चौदा नंबरचा खेळाडू तोच. बैलासारखी मान, ट्रॅक्टरचं दुकान, आवाज असा की बोलला की टेबलावरचे चमचे हलायचे. दरवर्षी तो एकच तळ निवडून आणायचा: शिट्टी.

"या पाहुणे," त्याने लायलला समोर बसवलं. नाव घेतलं नाही. पाहुण्याचं नाव तो कधीच घेत नसे. "तुमच्या मते आमचा तळ कोणता?"

डोरीनने टेबलाखालून पायाने डिवचलं. मोकळं बोलायचं ठरलं होतं. शिट्टीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, म्हणून लायलने पेनिंग्टन नावाच्या जुन्या प्रशिक्षकाचं वर्ष काढलं. त्या वर्षी संघाने एकही सामना जिंकला नव्हता, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

चिली वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा डाव हवेतच थांबला. त्या मिसेस पेनिंग्टन होत्या. त्या वर्षी निम्म्या संघाला कांजिण्या आल्या होत्या, असं त्या थंडपणे म्हणाल्या, आणि लायलच्या वाडग्यात न वाढताच पुढे सरकल्या.

घाबरलेला माणूस एका खड्ड्यातून निघायला दुसरा खणतो. लायलने घाईघाईने पाणमांजराच्या शेपटीची गोष्ट काढली. सामन्यात पाणमांजराचा पोशाख घालून नाचणाऱ्या माणसाची शेपटी पॉपकॉर्नच्या यंत्रात अडकली, पेटली, छतातून पाण्याचे फवारे सुटले आणि सामना तिथेच संपला. यात कोणी दुखावलं जाणार नाही असं त्याला वाटलं. पलीकडून गस उठून उभा राहिला. पाणमांजर तोच होता. आता तो गावातल्या मयतांची व्यवस्था बघायचा. त्याने लायलला नखशिखांत असं न्याहाळलं, जणू शवपेटीचं माप घेतोय.

"पाहुणे सगळे तळ धुंडाळतायत," रॉस्को सावकाश म्हणाला. "फक्त शिट्टीचं नाव काढत नाहीत."

आपल्याला खेळातलं फारसं कळत नाही, असं लायल पुटपुटला.

"मग करून दाखवू की. कळेल."

वाद पेटला की ते लोक प्रसंग उभा करून दाखवतात. टेबलं भिंतीला लागली. खांबाला कपड्यांची टोपली टांगली गेली. पंचाचं काम गावातलं कुणीही करत नाही, त्याला विटाळ मानतात. ते दरवर्षी नव्या पाहुण्याच्या गळ्यात पडतं. मिसेस पेनिंग्टननी काचेच्या पेटीतून एक शिट्टी काढली. पळताना त्या नालायकाने टाकली होती, म्हणाल्या, आणि बुटाच्या नाडीने ती लायलच्या गळ्यात बांधली.

शिट्टीची कड एका बाजूला चावलेली होती. लायलने ती तोंडात धरली आणि खुणा बरोबर त्याच्या दाढेला बसल्या.

त्याने मनाशी ठरवलं: शिट्टी उशिरा मारायची, हात वेडेवाकडे करायचे, नवशिक्यासारखं. लोक हसतील, चिली खाऊन घरी जातील.

गस केल्सोचा खेळाडू झाला. रॉस्को स्वतःच चौदा नंबर. चेंडू टोपलीला आपटून उसळला, दोघांनी उड्या मारल्या. रॉस्कोचं पोट सोडलं तर सगळं त्या दिवसासारखंच होतं. चेंडू गसच्या बोटांतून निसटला, रॉस्कोच्या उजव्या कोपराला पुसट चाटून रेषेबाहेर गेला.

लायलच्या डोक्याने काही ठरवायच्या आत शरीराने काम करून टाकलं. बाजूला एक पाऊल, नीट दिसावं म्हणून. एकच आखूड, टोकदार शिट्टी. हात सरळ वर, तळवा उघडा. मग तोच हात केल्सोच्या दिशेने, तलवारीसारखा.

"अगदी अस्साच," मिसेस पेनिंग्टन कुजबुजल्या. "त्या मेल्याने अगदी अस्साच हात केला होता."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तरी लायलची पाठ थोपटली, बाईंनी वाडगाभर चिली आणून दिली. डोरीन अभिमानाने फुलून गेली होती. टाळ्या वाजवल्या नाहीत ते एकट्या रॉस्कोने. त्याने लायलचा दंड धरला आणि त्याला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं.

लायलने आधी सुऱ्या कुठे आहेत ते पाहिलं. रॉस्कोच्या मागे होत्या.

"तो हॅलव्हरसन नव्हता," रॉस्को म्हणाला.

"नव्हता."

"तू होतास."

लायलने मान हलवली. झालं. डोरीन गेली. आणि ती गेलीच म्हटल्यावर, इतकी वर्षं भीतीखाली गाडलेली एक गोष्ट त्याच्या घशाशी आली. राग. बरोबर दिलेल्या निर्णयासाठी तो उंदरासारखा लपून जगला होता.

"कोपराला लागला होता," तो म्हणाला. "तुझ्या उजव्या कोपराला. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. आणि तुलाही माहीत आहे."

रॉस्कोचा चेहरा पडला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"हळू बोल ना, बाबा."

"का?"

"आईला शपथेवर सांगितलं होतं, लागला नाही म्हणून. तिच्या थडग्यावर कोरलंय, 'चौदा नंबरची आई'. दुकानाचं नाव 'चौदा नंबर'." त्याचा आवाज पार बसला होता. "चित्रफितीत गसचं पाणमांजराचं डोकं आडवं आलं, म्हणून निभावलं. डोरीनला सांगितलंस?"

"काहीच नाही सांगितलं. मी कोण तेही नाही."

दोघे भेदरलेले म्हातारे चिलीच्या पातेल्याशेजारी एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"मग लग्न कधी करताय?" रॉस्कोने विचारलं.

तारीख डोरीन ठरवेल, लायल म्हणाला. मग आठवण झाली म्हणून त्याने हॅलव्हरसनचं सांगितलं, फळांच्या टोपलीचंही. रॉस्कोने कपाळ चोळलं. "यंदा एक टोपली माझ्याकडून पण," तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने जाहीर केलं की शिट्टीचा विषय चावून चावून चोथा झालाय, यंदाचा तळ म्हणजे गसची शेपटी. गसच्या हातातला पाव चिलीत पडला. लोक ओरडले, कुणी खुर्चीवर चढलं. रॉस्कोने लायलच्या खांद्यावर हात टाकला. "आणि लायल आता घरचा माणूस आहे. त्याला कुणी काही विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला सामना. अर्ध्यातच पंचाने पाणमांजरांविरुद्ध शिट्टी मारली आणि सगळं गाव उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढू लागलं. खाली बसून होती दोनच माणसं. लायलचा हात छातीवर, नसलेली शिट्टी चाचपत होता. शेजारी रॉस्को, डाव्या तळव्याने उजवं कोपर घट्ट झाकून.

डोरीनने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "कोपराला काय झालं रे, रॉस्को?"

"काही नाही," दोघेही एकदमच म्हणाले.