चालण्याची परवानगी

ज्या बदलावर शिक्का नाही तो बदल झालेलाच नसतो, या पायावर जपानमधल्या निइगाताची ती कंपनी तीस वर्षं भक्कम उभी आहे.

तिथे फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. मोठं चोख. स्वल्पविराम हलला तरी नोंद घेतं. परवानग्यांपैकी मात्र एकच लक्षात ठेवतं: फाईल चालवता, म्हणजे कामाला जुंपता, येते की नाही. ती कोणी वाचावी, कोणी लिहावी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (कर्मचाऱ्यांबाबत कंपनीचंही हेच धोरण आहे.)

एप्रिलात कुरामोचीनं पेनड्राइव्हवरून फाईली आणल्या आणि वाटेत सगळ्यांनाच चालण्याची परवानगी चिकटली. बदललेल्या फाईली २,३१४. बदललेली अक्षरं शून्य. नियमाप्रमाणे प्रत्येकीवर विभागप्रमुख इगाराशींचा शिक्का हवा. त्यांनी चार दिवस शिक्के मारले आणि पाचव्या दिवशी अंगठ्याला पट्टी बांधून परिपत्रक काढलं: परवानगीतला बदल यापुढे सॉफ्टवेअरने पाहू नये. तसं सेटिंग होतंच. सगळ्यांनी केलं.

शाळेच्या जेवणाचं कंत्राट कंपनीकडेच आहे, त्यासाठी मग कुरामोचीनं नवी फाईल लिहिली. कुठल्या मुलाला काय खाल्लेलं चालत नाही याची यादी तिनं रोज सकाळी सहाला शाळेच्या स्वयंपाकघरात पाठवायची. त्यानं आपल्या संगणकावर तिला परवानगी दिली, झकास चालली. सॉफ्टवेअरनं आज्ञेप्रमाणे परवानगीकडे काणाडोळा केला. सर्व्हरवर फाईल पोचली ती अक्षरन् अक्षर बरोबर, फक्त चालायची परवानगी नसलेली. सोमवारी सहाला ती जागची हलली नाही.

कुरामोचीला हे कळलं दुपारी सव्वाबाराला. शाळेत त्या दिवशी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, होत्या. त्याच शाळेतल्या त्याच्या मुलीच्या, मिओच्या पोटात सोबाचा एक घास गेला तरी घसा मिटतो. त्यानं शाळेत फोन लावला.

"यादी नाही आली हो," स्वयंपाकघरातल्या होशिनोबाई म्हणाल्या. "पण मिओचं मला ठाऊक आहे की! तीन वर्षं कागद चिकटवलाय फ्रिजवर. भात खातेय ती मजेत. अहो, रडताय काय असे?"

चौकशी समिती बसली. निष्कर्ष: फाईलला परवानगी नव्हती, म्हणून ती चालली नाही, वर्तन आदर्श. होशिनोबाईंचा कागद मात्र विनापरवानगी तीन वर्षं चालू होता, तो ताबडतोब काढावा. (फाईलला परवानगी देण्याचा प्रस्ताव वेगळा. तो विचाराधीन आहे.)

आदेशावर सातवा शिक्का कुरामोचीचा. त्याच्या डोळ्यांपुढे मिओ आली, त्यानं शिक्का खाली ठेवला.

"मारा की," इगाराशी म्हणाले, "सहा जणांनी मारलाय. तुम्ही कोण लागून गेलात?"

कुरामोचीनं मारला. रीतीप्रमाणे, वाकून नमस्कार केल्यासारखा, साहेबांच्या शिक्क्याकडे किंचित झुकलेला.

तुम्ही असता तर मारला नसता, हे आम्हाला मान्य आहे. फक्त गेल्या वेळी सहा सह्यांखाली सातवी करताना कागदात काय लिहिलं होतं, तेवढं आठवून सांगा.