भास्कररावांचा पश्चात्ताप

भास्करराव कर्णिक मेथीची जुडी घेतानासुद्धा डावी भुवई वर चढवायचे. भाजीवाली दचकली की स्वारी खूश. आमच्या डोंबिवलीच्या हौशी नाट्यमंडळाचे ते कायमचे खलनायक. "शिवी हीच माझी टाळी!" असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ठाकुर्लीला रेल्वेच्या चाळीत ते माझ्यापासून दोन दारं सोडून एकटेच राहायचे. दिवसा मालधक्क्यावर कारकुनी, संध्याकाळी आरशापुढे दुष्टपणा.

मी मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवायची, हे माझं काम. त्यामुळे या माणसाचा हुंदका कुठल्या अंकातला, हे मला बिनचूक कळायचं.

तोवर आमच्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत. मग कुसुमताई आल्या. शाळामास्तरांची बायको, पदरी तान्हं मूल, आणि काम असं झकास की भास्कररावांना पडणाऱ्या शिव्या कमी झाल्या. ते त्यांना झोंबलं. गणपतीतल्या सत्काराला बोलायला उभे राहिले आणि भर मांडवात म्हणाले, "लेकरू घरी टाकून तोंडाला रंग फासणारी बाई, ती घरंदाज कसली?"

मांडवातल्या बायका उठून गेल्या. कुसुमताईंच्या सासूबाईंनी ते वाक्य मनाला लावून घेतलं आणि नातवाला सांभाळायला साफ नकार दिला. ताईंचं नाटक सुटलं. मंडळानं भास्कररावांना काढलं. "कुसुमताई हो म्हणतील, तेव्हाच परत," असं ठरलं.

मग सुरू झाला पश्चात्ताप. सभेत गुडघे टेकून त्यांनी माफी मागितली. डाव्या डोळ्यातून एकच थेंब ओघळला. चिटणीस विरघळले, मी नाही. तो थेंब तिसऱ्या अंकातला होता आणि माफीतली दोन वाक्यं मीच त्यांना मागे एका प्रयोगात विंगेतून पुरवलेली!

पुढच्या वर्षी कुसुमताई अचानक तालमीला येऊ लागल्या. बाळाचं काय केलं, हे कुणी विचारलं नाही. पण त्याच सुमारास भास्करराव आमची तालीम चालायची त्या शाळेमागे घुटमळताना दिसायला लागले. अंगावर शाल, शालीखाली काहीतरी दडवलेलं. माझी खात्री पटली, नाटकाची लिहिलेली नक्कल चोरली! मी माझी वही तांदळाच्या डब्यात लपवली. तरीही ते दिसतच राहिले, विहिरीपाशी पाठमोरे, काहीतरी पुटपुटत. म्हणजे त्यांच्या जागी घेतलेल्या नव्या खलनायकाचं काम पाठ करतायत, आणि प्रयोगाच्या दिवशी त्या बिचाऱ्याला काहीतरी होणार. मी त्याचा चहासुद्धा आधी स्वतः चाखून बघू लागलो.

शेवटी एका संध्याकाळी दबक्या पावलांनी मागून गेलो आणि ओरडलो, "सापडलात, भास्करराव!"

शालीतून जोराचं भोकाड आलं.

"गाढवा!" ते कळवळून म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागलेला त्याचा."

तालीम टाकून सगळे मागे धावले. कुसुमताई पुढे आल्या. "त्यांना बोलू नका," त्या म्हणाल्या. "मीच देते बाळाला त्यांच्याकडे. सासूबाईंना वाटतं, तो माझ्या बहिणीकडे असतो."

"पण यांच्याकडे?" मी विचारलं.

"एक दिवस दारात येऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, माझ्या तोंडामुळे तुमचं काम गेलं. तालमीपुरतं बाळ मी घेतो. रोज येतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भास्कररावांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होते. खांद्यावरचा शर्ट लाळेनं भिजलेला, भुवया दोन्ही जागच्या जागी.

कुसुमताई चिटणीसांकडे वळल्या. "माझी हरकत नाही. पुढच्या नाटकात घ्या त्यांना."

चिटणीसांनी हसून मान डोलावली. वर्षभर ज्या शब्दासाठी हा माणूस तळमळत होता, तो मिळाला होता. आता पल्लेदार भाषण होणार म्हणून मी वाट बघत राहिलो.

भास्करराव गोंधळून एकदा चिटणीसांकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. मग बाळाला त्यांनी जरा घट्ट धरलं.

"मी तालमीला उभा राहिलो," ते म्हणाले, "तर याला कोण घेणार?"