औषधाची वादग्रस्त प्रत

मुलुंड पूर्वेच्या एका घरात दीड वर्षांच्या इरावतीला ताप आला, तेव्हा तिला औषध देण्याची संपूर्ण यंत्रणा सज्ज होती. फक्त औषध दिलं आहे की नाही, हे ठरत नव्हतं.

यंत्रणा इरावतीच्या बाबांनी, म्हणजे हर्षदने, उभारली होती. त्याआधी नमिता मुलीच्या नोंदी आपल्या फोनमध्ये लिहायची. शी कधी झाली, दात कुठला आला, वरण गिळलं की थुंकलं. हर्षदने ते पाहिलं आणि तो गंभीर झाला.

"आपल्या पोरीची शी परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर? वेडी झालीस का गं?"

मग जुना लॅपटॉप आणि एक हार्ड डिस्क स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पापडांच्या डब्यांशेजारी चढली. घराचा स्वतःचा क्लाउड सुरू झाला. हर्षद, नमिता आणि हर्षदची आई प्रेमाताई अशा तिघांचे फोन त्याला जोडले गेले. एकाने लिहिलं की तिघांना दिसणार. एकाच खोलीत बसून एकमेकांना सांगण्याचा त्रास कायमचा मिटला.

लगोलग नियमही आले. नोंद नसलेले औषध दिले गेले नाही असे समजण्यात येईल. तोंडी माहिती ग्राह्य धरली जाणार नाही. नमिताला हे नियम पसंत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. सासूबाई "जरासंच भरवलं गं" म्हणाल्या की जरासं म्हणजे किती चमचे, या विचाराने ऑफिसात तिचा जीव टांगणीला लागायचा.

तापाच्या दिवशी प्रेमाताई नातीला घेऊन डॉक्टरांकडे निघाल्या. घर सोडताना सगळे खटके बंद करायचे, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी क्लाउडही बंद केला. परत आल्यावर पंख्यापुरता खटका लावला, औषध पाजलं आणि नियमाप्रमाणे फोनमध्ये लिहिलं: 'दिलं.' क्लाउडचा खटका बंदच होता, त्यामुळे ते फोनमध्येच राहिलं. तिकडे थोड्या वेळाने हर्षदने ऑफिसात चहा पिता पिता आपल्या फोनवर त्याच नोंदीचं शीर्षक ठळक केलं.

नमिता घरी आली. पोरीचं अंग अजून कोमट. हर्षदने माळ्यावरचं यंत्र चालू केलं आणि नोंदीच्या दोन प्रती समोर आल्या. यंत्राचा निकाल स्पष्ट होता: शेवटचा बदल हर्षदचा, म्हणून त्याची प्रत अधिकृत. तिच्यात औषधापुढे आधीचं 'नाही' तसंच होतं. प्रेमाताईंची प्रत 'वादग्रस्त' म्हणून बाजूला पडली.

"म्हणजे डोस द्यायचा राहिलाय," हर्षद म्हणाला आणि त्याने बाटली हलवली.

"अरे मेल्या, मी दिलंय ना! या हातांनी!" प्रेमाताई ओरडल्या.

"आई, तसं दिसत नाहीये."

"तुला कुठे दिसणार? तू ऑफिसात होतास!"

"तुझी प्रत वादग्रस्त आहे गं. मी मुद्दाम केलं का? सिस्टीमच म्हणतेय."

"सिस्टीमला म्हणावं, ये आणि पोरीचं तोंड हुंग. गोडूस वास येतोय अजून!"

हर्षदने बाटली उजेडात धरली. औषध कमी झालेलं दिसत होतं. पण बाटलीतली पातळी यंत्रणेशी जोडलेली नव्हती, त्यामुळे तिचा विचार करता येईना. त्याने चमचा भरला. इरावतीने, तिला कुणी विचारलं नसतानाही, तोंड उघडलं.

आणि त्या क्षणी नमिताने काय केलं? तिने सासूकडे पाहिलं नाही. तिने फोनकडे पाहिलं, प्रत अधिकृत झाल्याची हिरवी खूण आली का ते. खूण आली होती. 'नाही' अगदी ठळक होतं.

मग मात्र तिने सासूकडे पाहिलं. तिने हर्षदचा हात धरला, चमचा बेसिनमध्ये उलटा केला.

"अगं, आता ही नोंद कशात टाकू?" हर्षद कळवळला. "दिलं पण नाही, आणि संपलं पण!"

प्रेमाताईंनी नातीला मांडीवर घेतलं, थोपटलं, निजवलं. बऱ्याच वेळाने तिच्या कपाळावर, मग मानेमागे तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "उतरला हो ताप."

"नक्की ना, आई?" नमिताने विचारलं, आणि थर्मामीटर शोधायला उठली.

हसू नका तिला. ताप उतरला, एवढं तुम्हालाही सांगितलंय. पण किती होता ते आकड्यात दिलेलं नाही, म्हणून तुमचीही अजून खात्री पटलेली नाही.