गजेंद्राचा पाय आणि सुंदररावांची मतं

या, असे खांबाला टेकून जवळ बसा. आमच्या कुंभकोणमच्या विठ्ठल मठाने कीर्तनाच्या जोरावर निवडणूक कशी लढवली, ते सांगतो. मतदारांची अशी शिस्तीची फौज तंजावरच्या राजांनीसुद्धा पाहिली नसेल!

फौजेचे सेनापती व्यंकोबाराव. राज्य खालसा झालं तेव्हा ते दरबारात नुकते चिकटले होते. आता सत्तरी उलटली, पण पगडी ताठ. सरकारी पेन्शन मात्र नाण्यावरच्या राणीच्या चेहऱ्यासारखी, वर्षानुवर्षं तीच! तिच्यातूनच ते दरसाल मठात कीर्तनाचा उत्सव करत. आणि आता कृष्णमूर्ति वकील म्हणत होते, म्युनिसिपालिटीत निवडून आलो की नळ आणीन, घरपट्टी दुप्पट करीन!

"दाराशी कावेरी वाहते आणि हे लोखंडातून पाणी पाजणार!" व्यंकोबाराव कडाडले. "पट्टी वाढली की उत्सव बुडाला. मत सुंदररावांना!"

सुंदरराव त्यांचे बालमित्र. त्यांचं मतदारांना वचन एकच: नवीन काहीही करणार नाही.

धोका एवढाच, की वकिलांची माणसं म्हाताऱ्यांना वडा आणि कापीवर, म्हणजे आपल्या कॉफीवर, फितवत होती. व्यंकोबारावांनी तोड काढली. मतदानाच्या दिवशी दुपारी सगळी मंडळी मठात कोंडायची, तीनपर्यंत कीर्तन, मग टाळ वाजवत मत द्यायला थेट म्युनिसिपालिटीच्या कचेरीत! कचेरी पाचला बंद.

"आरतीआधी जो उठेल, त्याला सात जन्मांचं पाप!" त्यांनी दवंडीच दिली. "सुंदर, तूही मत मिरवणुकीतच दे. शोभा दिसेल."

कीर्तनाला गोपालकृष्णबुवा, पापनाशमचे. गजेंद्रमोक्ष घडला ते कपिस्थळ त्यांच्या गावाशेजारीच, त्यामुळे तो हत्ती त्यांना घरच्यासारखा. तीन वाजले तेव्हा मगरीने नुकता कुठे पाय धरला होता!

व्यंकोबारावांनी हळूच हात जोडले: आवरा. बुवांना वाटलं, भक्तीचा उमाळा! त्यांनी तेच पद पुन्हा घेतलं, दुप्पट संथ. व्यंकोबारावांनी डोळे वटारले. बुवांना वाटलं, भावसमाधी लागली! त्यांनी हत्तीच्या हजार वर्षांच्या झुंजीचं एकेक वर्ष सांगायला घेतलं.

तेवढ्यात वकिलांची माणसं मतदार पळवायला आली. दारात थबकली, चपला काढल्या आणि बसली. त्यांना शोधत खुद्द वकील आले. तेही बसले!

"व्यंकोबा, चार वाजून गेले रे!" सुंदरराव कुजबुजत अर्धवट उठले.

"खाली बस! हत्तीचा पाय मगरीच्या तोंडात आणि तू मत द्यायला निघालास?"

आणि गंमत सांगू? व्यंकोबारावांचेच डोळे आता वाहत होते. कसली पट्टी नि कसली पेन्शन! हत्तीने सोंडेत कमळ उचललं, बुवांनी टाहो फोडला, "धाव रे नारायणा!" आणि चक्र सुटलं त्याच क्षणी कचेरीच्या घंटेचे पाच टोले पडले. "विठ्ठल! विठ्ठल!" असा गजर झाला की टोले कुणाला ऐकूच आले नाहीत!

निकाल लागला. वकील एक, सुंदरराव शून्य. वकिलांनी आपलं मत सकाळीच देऊन ठेवलं होतं.

"आम्हा बायकांना मत असतं ना," व्यंकोबारावांच्या पत्नी मीनाक्षीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तर सकाळी पाणी भरायच्या आधी देऊन आलो असतो!"

"पण एकजण उठला का? एक तरी?" व्यंकोबारावांची पगडी अजून ताठच.

पट्टी दुप्पट झाली, नळ आला. उत्सव आता बुडणार म्हणून व्यंकोबाराव ओसरीवर खिन्न बसले होते, तोच कृष्णमूर्ति वकील हात जोडून दारात उभे.

"राव, यापुढे उत्सवाचा खर्च माझा. बुवा तेच, गजेंद्रमोक्षही तोच. अट एकच."

"कोणती?"

"निवडणूक असेल त्या वर्षी कीर्तन मतदानाच्याच दिवशी!"

व्यंकोबारावांनी मोठ्या अभिमानाने होकार दिला!

तर मंडळी, कधी आरतीला हात जोडाल तेव्हा गोपालकृष्णबुवांची आठवण ठेवा. आणि मत द्यायचं असेल, तर तेवढं आधी देऊन या.