अप्पांची अर्धी फळी

आमचे अप्पा दर रविवारी बाटल्या पाडायला जातात, असं मी सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं बाई, ह्या वयात प्यायला लागले का?" तसल्या बाटल्या न्हाईत, बाई! लातुरात क्लासच्या पोरांसाठी मॉलमध्ये बोलिंग निघालंय. गुळगुळीत फळ्यांवरून जड गोळा सोडायचा आणि पल्याडच्या दहा पांढऱ्या बाटल्या पाडायच्या. पोरं दोन डाव खेळतात, फोटो काढतात आणि जातात. अप्पा मात्र धोतराखाली भाड्याचे रंगीत बूट चढवून दिवस मावळेपर्यंत तिथंच.

अप्पा माझ्या मेसचे जुने गिऱ्हाईक, वरच्या खोलीत एकटेच राहतात. जेवायला बसणार ते दारापाशी, पंगत सोडून, भिंतीकडं तोंड करून. कशावरही त्यांचा इलाज एकच: "जागा बदलून बघ." पोराला मार्क कमी पडले, बाक बदल. माझं दूध नासलं, शेगडी सरकव. आता शेगडी सरकवून दूध टिकतं का? पण ह्यांना सांगणार कोण!

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी. "चल गं, बघ तरी," म्हणाले, म्हणून एकदा गेले. अप्पांनी गोळा सोडला. धडाड! नऊ आडव्या, उजव्या कोपऱ्यातली एक तशीच उभी. अप्पांचं तोंड उतरलं. पुढच्या डावाला अर्धी फळी उजवीकडं सरकून उभे राहिले. पुन्हा तीच उभी. मग वीतभर मागं आले. पुन्हा तीच! मागं पोरं खोळंबलेली.

"अहो, दुसरा गोळा मिळतो की. पाडा तिला," मी म्हणलं.

"मागून पाडून काय उपयोग? समद्यांसंगं जायला पाहिजे व्हती."

मला हसू आलं. "राहिली तर राहिली. नशीबवान म्हणायची!"

अप्पा बाकावर बसले, बुटाची नाडी सोडायला लागले. "मलाबी लोक असंच म्हणले व्हते. भूकंपात. त्या राती आत लई उकडत व्हतं, म्हणून मी माझी बाज उंबऱ्याबाहेर वढली. बायको, आई, दोन्ही लेकरं आत व्हती." नाडी सुटेना. "कशाला वढली म्या?"

ते भूकंपातल्या गावचे, एवढंच मला ठाऊक होतं. लई वाईट वाटलं. खाली बसून मी त्यांची नाडी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा नेहमीसारखे दारापाशी बसले. मी त्यांचं ताट उचललं आणि पंगतीतल्या पोरांच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"हे काय आता?"

"जागा बदलून बघा, अप्पा."

पोरं दाटीवाटीनं सरकली. अप्पा उठून तिथं आले, गुडघे धरत खाली टेकले. शेजारच्या पोरानं न विचारताच त्यांच्या भाकरीवर ठेचा वाढला. जेवण होईपर्यंत त्यांचा उजवा हात ताटात होता आणि डावा त्या पोराच्या गुडघ्यावर.