शालनआक्कांचा दम

शालनआक्का भाजी घ्यायला आल्या की भाजीवाली बाकीच्या गिऱ्हाइकांना हातानंच थांबवते. "कांदं किलो बटाटं अर्धा वांगी काटंरी बघून घाल कोथमीर ताजी आसंल तरच आनि मिरची तिखट न्हाय निगाली तर उद्या हितंच आनून वतनार," हे सगळं आक्का एका श्वासात म्हणतात. यातलं एक जरी निसटलं तर परत पहिल्यापासून ऐकावं लागतं.

"आक्का, जरा दम खावा की," भाजीवाली म्हणते.

"दम खाल्ला की बाद!"

यात त्यांची चूक नाही. कबड्डीत समोरच्यांच्या अंगणात चढाईला गेलं की एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत गडी बाद करायचे आणि परतायचं. मधेच श्वास घेतला की खेळ खलास. शालनआक्कांनी एका मोठ्या कंपनीच्या संघातून कितीतरी वर्षं हेच केलं, आणि त्याचाच त्यांना पगार होता. मग गुडघा गेला. खेळ सुटला, पण दम तेवढाच राहिला. तो कुठं खर्च करायचा हा प्रश्न होता. आक्का आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि निम्मा प्रश्न सुटला.

साडीखाली पांढरे स्पोर्टस् शूज, आणि चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला होतो. बोलणं आमच्याकडच्या बायकांचं, 'मी जातो, मी येतो.' जगात त्यांच्या मते माणसांच्या दोनच जाती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "वहिनी चढाईच्या हायत. भाऊ, तुमी राखणीचं." तीस वर्षांच्या संसारात मला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी दारात चपला काढता काढता सांगितलं.

पुढं गावातल्या केबल चॅनलनं त्यांना कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करायला बोलावलं. शेजारी एक टायवाले निवेदक होते. ते म्हणाले, "नमस्कार. आज आपल्यासोबत आहेत माजी खेळाडू शालनताई. ताई, काय वाटतं?" आक्कांनी श्वास भरून घेतला. त्यानंतर टायवाल्यांचा आवाज थेट मध्यंतरालाच ऐकू आला. पडद्यामागचा माणूस जाहिरातीसाठी हात हलवून हलवून थकला. तो आपल्याला शाबासकी देतोय असं समजून आक्काही मधूनमधून त्याला हात करत होत्या.

पण लोकांना ते भलतंच आवडलं. जत्रेतले सामने, शाळांचे सामने, सगळीकडून बोलावणी यायला लागली. एकानं तर पोरीच्या लग्नात माईक दिला. "नवरदेव मध्यरेषेवर, नवरी हार घिऊन म्होरं, आनि उचलला! पोरांनी नवरदेव उचलला! ही चूक हाय, पंचांनी बघावं!" हातात अक्षता घेऊन भटजी हसत बसले. मुहूर्त जायचाच बाकी होता.

गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टरांनी एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. त्यात तीन नळ्या आणि तीन चेंडू असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. माझा पहिलाच चेंडू जागचा हलेना. मी ते कपाटात टाकलं. ते आक्कांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "भाऊ तयारीत. नळी तोंडात. पहिला चेंडू हलला, वर निगाला, वर गेला, वहिनी बगा, दुसऱ्याला बी जाग आली, वडा भाऊ वडा, सोडू नका!" खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून वर आले आणि तेही ओरडायला लागले. बाराव्या दिवशी माझा तिसरा चेंडू वर गेला. जिन्यात पेढे वाटले गेले. परीक्षेत पास झालो तेव्हासुद्धा वडिलांनी पेढे वाटले नव्हते.

तेव्हापासून आक्कांनी नवीन काम काढलं. दर गुरुवारी एका दवाखान्यात, छातीच्या आजाऱ्यांच्या वॉर्डात जायचं आणि खाटेखाटेवर चेंडूंचं समालोचन करायचं. पहिल्या दिवशी नर्सनं बाहेर काढलं. तिसऱ्या गुरुवारी त्याच नर्सनं फोन करून विचारलं, "आक्का, किती वाजता येताय?"

जुलैमध्ये मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर शाहूवाडीकडच्या आनसाबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढं. पुतण्यानं आणून भरती केलं होतं आणि भाताची लावण खोळंबली म्हणून तो परत गेला होता. नर्स हळूच म्हणाली, "यंत्राला हातच लावत नाहीत. कफ साचत चाललाय. असंच राहिलं तर अवघड आहे."

आक्का पुढं सरसावल्या. "आनसाबाई तयारीत, पहिला चेंडू जाग्याव हाय..."

"कोन ही?" म्हातारीनं नर्सला विचारलं. "कशाला वरडालीया?"

सगळा वॉर्ड हसला. आक्कांनी समजावलं, दटावलं, हात जोडले. म्हातारी ढिम्म. "चेंडू वर जाऊन काय हुतंय? पोरखेळ हाय." मग तिनं आक्कांकडं नीट बघितलं. "आनि तुजं डोस्कं बघ की गं. गवताची गंजी झालीया. घरात कोन हाय का न्हाय त्याल लावायला?"

आक्का उत्तर देतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी नुसता अंबाड्यावरून हात फिरवला.

"कोन न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई?"

"गेली. मी सामन्याला भायेर गेलतो तवा."

म्हातारीनं उशीखालून खोबरेल तेलाची बाटली काढली. "बस खाली."

"आदी चेंडू," आक्का म्हणाल्या.

"आदी त्याल."

शालनआक्का जमिनीवर बसल्या. तो गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून एक पाय सरळ पसरून, खाटेला पाठ टेकून. म्हातारीनं त्यांचा अंबाडा सोडला, टाळूवर तेल ओतलं आणि बोटांनी चोळायला लागली. मधेमधे खोकत होती, थांबत होती, परत चोळत होती. आक्कांनी डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरची बाई चहा प्यायची थांबली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

घट्ट वेणी घालून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "आन हिकडं आता तुजं खेळनं."

मीच यंत्र तिच्या हातात दिलं. तिनं नळी तोंडात धरली आणि ओढलं. पहिला चेंडू गेला. दुसरा थरथरला आणि तोही गेला.

"आक्का," मी म्हणालो, "दोन चेंडू वर."

"व्हय?" त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. म्हातारीचा एक हात अजून त्यांच्या डोक्यावर होता.

परत येताना आक्का स्कूटर चालवत होत्या आणि मी मागं. सिग्नलला थांबलो तेव्हा आरशात दिसलं, तेलाचा ओघळ त्यांच्या कानशिलावरून गालावर आला होता. मी रुमाल पुढं केला.

"ऱ्हाऊ दे भाऊ," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी लागलंय."