विचारलं तेवढंच

आमच्या परळच्या चाळीत अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत दुसऱ्या मजल्यावर होते. वकिलातीतली नंतर. ती त्यामानाने सोपी असते, असं दोन्हीकडे जाऊन आलेले सांगतात.

दुसऱ्या मजल्यावरची मुलाखत कुंदाताई राणे घेतात. त्या आपल्या खोलीत खिडकीशी स्टूल टाकून बसतात, उमेदवार बाहेर गॅलरीत उभा, मधे गज. बसायला मिळत नाही, पाणी मिळत नाही आणि ओळखही मिळत नाही. सकाळी जिच्याकडून वाटीभर साखर नेली तीच बाई संध्याकाळी चष्म्यावरून बघत विचारते, "नाव?"

"कुंदाताई, अहो मी सावंत. शेजारचा."

"विचारलं तेवढंच. शेजारचा का, असं विचारलं मी?"

कुंदाताईंची सगळी नोकरी वीजबिल भरायच्या खिडकीमागे गेली. निवृत्त झाल्या, पण खिडकी सुटली नाही. नवरा फार लवकर गेला, एकुलता एक प्रसाद अमेरिकेत. तो दोन वर्षांतून एकदा येतो, 'आई, चल' म्हणतो आणि एकटाच परत जातो. "मला थंडी सोसत नाही," एवढंच कुंदाताई सांगतात. स्वतः कधी गेलेल्या नाहीत, पण जाऊन आलेल्या प्रत्येकाला खिडकीशी उभं करून त्यांनी इतकं खोदून विचारलंय, की तिथल्या विमानतळावर बॅगा कुठल्या बाजूला येतात तेही त्यांना ठाऊक.

हे सगळं शेजारी उपलब्ध असताना मी पहिल्या खेपेला त्यांच्याकडे गेलो नाही. मी तीस वर्षं विक्री खात्यात काढलेली. बोलणं मला कोण शिकवणार?

आमच्या मुग्धाला सातवा लागला होता. पहिलटकरीण, तिकडे सासरचं कोणी नाही. वकिलातीतल्या साहेबाने विचारलं, जाण्याचं कारण? मी म्हटलं, मुलीचं बाळंतपण करायला. इथं थांबायला हवं होतं. पण साहेब हसरा होता, मला स्फुरण चढलं. माझी बायको सुधा बाळाला तेल कसं लावते, धुरी कशी देते, डिंकाचे लाडू कसे वळते, सगळं सांगितलं. वर म्हटलं, आम्ही असताना मुलीला पैसे देऊन बाई ठेवायची गरजच नाही! किती दिवस राहणार? लागतील तितके दिवस, साहेब!

साहेबाने हसतच पासपोर्ट परत केले. सोबत नकाराचा कागद.

टॅक्सीत सुधा शीव येईपर्यंत बोलली नाही. शीवला जी बोलायला लागली, ती परळपर्यंत.

त्याच संध्याकाळी मी गजांपुढे उभा राहिलो.

"जाण्याचं कारण?"

"मुलीचं बाळंतपण..."

"गप रव!" कुंदाताई चिडल्या की मालवणीत शिरतात आणि 'तुम्ही'चं 'तू' होतं. "डॉक्टर आसंस तू? पर्यटक म्हणून जातंस ना? मगे थंय कामाक लागतलंस कित्याक?"

"मग खोटं सांगू?"

"खोटं अजिबात नाही. आधी खरं काय ते ठरवा." त्यांनी तिथल्या तिथे जावयाला व्हिडिओ कॉल लावायला लावला. जावई मीटिंगमध्ये होता. तरी मुग्धाची रजा किती, पुढे बाळाला कोण बघणार, पाळणाघराचं काय, सगळं त्याच्याकडून पक्कं करून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही कशाला जाताय?"

"मुलीला भेटायला. नातवंड बघायला."

"किती दिवस?"

"पाच महिने."

"बरोबर. आता शेवटचं. भारतात तुमचं कोण आहे?"

मी विचार करायला लागलो. त्यांनी गजावर पट्टी आपटली.

"इथं थांबायचं नाही! बाकी कुठंही अडखळा, इथं नाही. परत यायला माणसाला काहीतरी लागतं, ते बघतात ते. थांबलात की गेलात. पुढचा!"

पुढचा म्हणजे सुधा होती. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. मी आठवडाभर नापास होत होतो.

दुसऱ्या खेपेला वकिलातीत मी आयुष्यात कधी नव्हे इतका कमी बोललो. भारतात कोण आहे? मुलगा, सून, घर, पेन्शन. साहेबाने मान हलवली. व्हिसा मिळाला. खाली येऊन सुधा म्हणाली, "अहो, घरीसुद्धा असंच बोलत जा."

मग कुंदाताईंनी आमच्या बॅगा खिडकीशी मागवल्या. गजाला ताणकाटा लटकवून स्वतः तोलल्या आणि माझ्या बॅगेतून पुरणयंत्र बाहेर काढलं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. विमा इथूनच काढायचा, आणि आधीचं दुखणं त्यात धरतात का ते वाचून. मेतकूट, मसाला काय नेताय ते विमानतळावर विचारलं की सरळ सांगायचं, लपवायचं नाही. "आणि व्हिसा दहा वर्षांचा म्हणून नाचू नका. राहायचं किती ते तिथं उतरल्यावर ठरवतात. ती तारीख बघा." नोव्हेंबरात आम्ही तिकडे असणार, तर पेन्शनचा हयातीचा दाखला कसा द्यायचा, हेही त्यांनीच विचारून ठेवलं होतं. "नाहीतर तिकडे नातू खेळवाल आणि इकडे कागदावर वारलेले असाल."

नात झाली. मुग्धाचं घर टेक्सासात, आणि प्रसाद तिथून चार तासांवर. एका रविवारी गाडी घेऊन भेटायला आला. मी आपलं सहज म्हटलं, "आईला इकडची थंडी सोसत नाही ना रे."

तो कपाळाचा घाम पुसत होता. "थंडी? काका, आमच्याकडे परळपेक्षा जास्त उकडतं. दर वर्षी सांगतो तिला. ती म्हणते, तू नको शिकवू."

परत आल्यावर चॉकलेटं घेऊन मी खिडकीशी गेलो. बॅगा कुठल्या बाजूला आल्या, हे त्या विचारणार, त्याआधी मीच प्रश्न टाकला.

"कुंदाताई, प्रसादच्या गावाला थंडी नसते. तुम्ही जात का नाही?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"गेले होते मी मुलाखतीला. रिटायर झाले त्या वर्षी. कोणाला सांगितलं नाही, प्रसादलासुद्धा नाही. म्हटलं, व्हिसा हातात आला की चकित करू. सगळं नीट झालं. मग साहेबाने विचारलं, भारतात तुमचं कोण आहे."

"मग?"

"मी थांबले. मग म्हटलं, कोणी नाही."

"अहो, असं कसं सांगितलंत!"

"विचारलं तेवढंच सांगितलं. खरं होतं ते."

मी म्हटलं, "कुंदाताई, जरा बाहेर या." त्या का ते न विचारता आल्या. मी आत जाऊन स्टुलावर बसलो. इतक्या वर्षांत त्या बाजूने मी कधी पाहिलं नव्हतं. तिथून पूर्ण गॅलरी दिसते, जिन्याच्या तोंडापर्यंत. कोण आलं, कोण गेलं, सगळं.

"नाव?"

"कुंदा राणे."

"जाण्याचं कारण?"

"मुलाला भेटायला."

"भारतात तुमचं कोण आहे?"

त्या थांबल्या. थांबलात की गेलात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी पट्टी हातात घेतली, पण आपटवेना.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे म्हात्रे पती-पत्नी फाइल घेऊन जिना चढून आले. उद्या त्यांची मुलाखत. आमचं काय चाललंय ते त्यांना कळेना, पण सवयीने ते कुंदाताईंच्या मागे ओळीत उभे राहिले. त्यांच्यामागे सुधा. तिला फक्त चहाला बोलवायचं होतं, पण रांग दिसली म्हणून तीही उभी राहिली.

कुंदाताईंनी मागे वळून बघितलं. मग गजाला हात धरून, माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या,

"रांग आहे. खिडकी फार दिवस बंद ठेवून चालणार नाही."

मला चष्मा नाही. तरी मी चष्म्यावरून बघितल्यासारखं केलं आणि ओरडलो, "पास! पुढचा!"